पगार २० तारखेलाच संपायलाय, खर्च तर सगळे गरजेचेच आहेत, मग पैसा जायलाय कुठं?

लातूरचा_भाडेकरू

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहायलोय. मी लातूरला खाजगी कंपनीत कामाला आहे, गाव औसा तालुक्यात. घरात मी, बायको, दोन लेकरं (एक तिसरीला, एक बालवाडीत), माय गावाकडंच राहती. पगार हातात २९ हजार, बायको घरी ब्लाउज आणि फॉल-पिकोचं काम करते त्याचे साधारण ४ हजार, म्हणजे महिन्याला ३३. दारू नाही, गुटखा नाही, हॉटेल म्हणाल तर लेकरं लईच मागं लागली तर महिन्यातून एखांद्या वेळेस. तरी २० तारीख आली की फोन-पे उघडायची भीती वाटायलीय.

परवा रात्री दोघांनी बसून पोराच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर सगळं लिहून काढलं, जसं आहे तसं टाकतो. किराया ६५००, किराणा ७०००, दूध २१००, गाडीचा हप्ता २९००, मोबाईलचा हप्ता २१००, पेट्रोल २५००, मायला ३०००, शाळेची व्हॅन १२००, शिकवणी १५००, लाईट ११००, गॅस ९००, दोन मोबाईलचं रिचार्ज ६००. टोटल ३१४००. म्हणजे १६०० उरायला पाहिजेत ना? उरत तर काहीच नाही, उलट किराणावाल्याकडं ११ हजार उधारी झालीय आणि क्रेडिट कार्डावर १८ हजार. कार्डाचे दोन महिन्यापासून मिनिमम ९०० भरायलोय.

बायको म्हणती लेकरांचं दूध एक लिटरचं अर्धा करू. मला ते पटंना. मायचे पैसे कमी करायला तर जीवच होईना. शिकवणी बंद करू का? कुठं हात घालावा तेच कळंना झालंय, ज्यांनी असं निभावलंय त्यांनी सांगा.

परभणीची_काकू

बाळा आधी दुधाला हात लावू नको आणि मायच्या पैशालाही नाही. तुझी यादी मी दोनदा वाचली, चांगली लिहिलीस, पण ती अर्धीच आहे. त्यात जून महिना कुठाय? दिवाळी कुठाय? लग्नसराई कुठाय? पगार महिन्याचा असतो पण आपले निम्मे खर्च वर्षाचे असतात, ते कोणीच महिन्यात धरत नाही आणि मग आले की उचल करावी लागते. आम्ही दोघं ३१ वर्षं एका पगारावर संसार केला, यजमान ग्रामसेवक होते, पहिली सात-आठ वर्षं आमचंही असंच व्हायचं, आणि मीच खर्चिक आहे असं मला वाटायचं.

आता असं कर, त्याच वहीत दुसरं पान घे आणि वर्षातून एकदाच येणारं सगळं लिही. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, ड्रेस. दिवाळी. लग्नातले आहेर, टॉवेल-टोपी आणि बायकोला नेसवायची साडी, जवळच्या सोयऱ्याचं असलं तर भर आहेर. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग. पावसाळ्यात लेकरं आजारी पडतात तो दवाखाना. उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागत असंल तर तो. त्या सगळ्याची बेरीज कर, १२ नं भाग आणि इथं सांग किती आली. मग पुढचं बोलू.

लातूरचा_भाडेकरू

काकू आत्ताच केलं. शाळा १४ हजार, दिवाळी १२ (कपडे, फराळ, बहिणीची ओवाळणी सगळं), लग्नं-आहेर १०, दवाखाना ८, गाडीचं ४. एकूण ४८ हजार, म्हणजे महिन्याला ४ हजार. टँकरचं घरमालक बघतात.

उरायलेत १६०० आणि लागायलेत ४०००, म्हणजे दर महिन्याला २४०० कमी पडायलेत. वर्षाचे २८८००. आणि माझी उधारी अधिक कार्ड धरून होतेत २९ हजार. बायकोला दाखवलं तर ती बराच वेळ त्या पानाकडं बघतच राहिली. दोघांनाही वाटत होतं की आपण कुठंतरी उधळायलोत आणि रोज त्याच्यावरून वाद व्हायचे.

उधारीची_वही

भाऊ माझं जालन्यात किराणा दुकान आहे, वडिलांपासून, तर दुकानाच्या आतल्या बाजूनं सांगतो. माझ्याकडं उधारीवर नेणारा गिऱ्हाईक भाव विचारत नाही. खरंच विचारत नाही, लाज वाटती त्याला. रोख नेणारा म्हणतो ही डाळ नको दुसरी दाखवा, उधारीवाला जी समोर ठेवली ती घेतो, लेकरू येतं आणि म्हणतं पप्पांच्या नावावर लिहा, त्यात बिस्किटचा पुडा कधी वाढला ते घरी माहीत पण नसतं. तुमच्या दुकानदाराकडं जाऊन सरळ सांगा की मागची उधारी महिन्याला हजार-हजार करून फेडतो, आणि आजपासून नवीन सगळं रोख. कोणताही दुकानदार नाही म्हणणार नाही, आम्हाला बुडवणाऱ्याची भीती असती, फेडणाऱ्याची नाही. आणि वहीची बेरीज आपल्या समोर करून घ्या, आमच्याकडूनही चूक होती.

दुसरं, यादी करून महिन्यातून दोनदाच जा. तेलाचा पुडा घेताना वजन वाचा, पुडे दिसायला सारखेच असतात पण कुठं ९१० ग्रॅम असतं, कुठं ८५०, काही ७५० चे पण आलेत, भाव कमी दिसला म्हणून लोक तेच उचलतात. चहा, तिखट-मसाला, तेल यांच्या छोट्या पुड्या महाग पडतात, पण शाम्पूच्या पुड्या बऱ्याच वेळेस बाटलीपेक्षा स्वस्त पडतात, तिथं बाटली घ्यायची गरज नाही. आणि लातूरला राहता म्हणजे डाळीचं माहेरच ते, डाळ मिलवाल्यांकडं तूरडाळीचा तुकडा मिळतो, वरणाला शिजल्यावर काही फरक कळत नाही आणि किलोमागं चांगले पैसे वाचतात.

नांदेडचा_हिशोबनीस

वरच्या दोघांचं बरोबर आहे पण मी म्हणतो पहिल्यांदा कार्ड. बाकी सगळं नंतर. मी अकाउंटचं काम करतो आणि गेल्या दोन-तीन वर्षांत हे मिनिममचं दुखणं इतक्या घरांत बघितलंय की राहवत नाही.

भाऊ तुमचं गणित मांडतो. बहुतेक कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्याच्या आसपास असतं, म्हणजे आपल्या भाषेत शेकडा साडेतीन. गावात सावकार शेकडा तीननं देतो तर आपण त्याला रक्तपित्या म्हणतो. १८ हजाराला झाले ६३०, त्याच्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ११३, एकूण ७४३. तुम्ही ९०० भरले त्यातले मुद्दलात गेले फक्त १५७. असं दर महिन्याला नुसतं मिनिममच भरत राहिलात, आणि ते बाकीसोबत कमी-कमी होत जातं, तर लेकरू दहावीला जाईल तरी ते कार्ड फिटणार नाही, आणि मधी पुन्हा काही घेतलं तर त्याला बिनव्याजी मुदत पण मिळत नाही, घेतल्या दिवसापासून व्याज सुरू.

वहिनी बचत गटात आहेत का? असतील तर गटातून उचल करा, आमच्याकडं बऱ्याच गटांत शेकडा एक-दोननं देतात आणि ते व्याज परत गटातच राहतं. नसतील तर थोडं सोनं बँकेत ठेवून कर्ज घ्या, साधारण वर्षाला दहा टक्के धरलं तरी १८ हजाराचं महिन्याचं व्याज १५० होतं. ७४३ कुठं आणि १५० कुठं. सोनं ठेवायला बायकांना जड जातं, मला कळतं, म्हणून आधी त्यांच्याशी नीट बोला, हे आकडे दाखवा, आणि कार्ड फिटलं त्या दिवशी ते बंद करा म्हणजे खरंच कस्टमर केअरला फोन करून बंद, नुसतं कात्रीनं कापून नाही.

अजून एक मनापासून सांगतो. चार पैसे साठायला लागले की कोणीतरी ओळखीचा येतो आणि १२-१३ टक्के व्याजाची ठेव सांगतो. आमच्या वडिलांनी रिटायरमेंटचे दोन लाख असेच एका पतसंस्थेत ठेवले, एजंट गावातलाच, घरी येऊन चहा पिऊन जायचा. शटर पडून आता दोन वर्षं झालीत, वडील अजून दर सोमवारी तिथपर्यंत जाऊन बघून येतात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, माणशी ५ लाखापर्यंत विमा असतो, २०२० पासून ५ झालाय, आधी एकच लाख होता. पतसंस्था आणि मल्टीस्टेट सोसायटीला तो विमा नाही. त्यामुळं पोस्टात आरडी म्हणजे दर महिन्याला ठराविक पैसे भरायचं खातं काढा, महिना १०० पासून सुरू होती, पाच वर्षांची असती. आणि मुलगी असंल तर सुकन्या खातं, ते वर्षाला २५० रुपये भरले तरी चालू राहतं, फक्त मुलगी १० वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं.

आणि घरात कमावणारे तुम्ही, तर बँकेत जाऊन ४३६ रुपयेवाला जीवन ज्योती आणि २० रुपयेवाला अपघात विमा दोन्ही चालू आहेत का बघा. वर्षाला ४५६ रुपयात दोन-दोन लाखाचं आहे. हे कमी करायच्या यादीत कधीच येऊ देऊ नका.

धाराशिवची_सूनबाई

मी थोडंच सांगते. पंखे जुने असतील तर बघा, जुना पंखा ७५ वॅट खातो आणि नवीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. दोन पंखे दिवसाला १४ तास धरले तर महिन्याला ३८ युनिट वाचतात, आणि १०० युनिटच्या वरच्या प्रत्येक युनिटला दर जवळपास दुप्पट लागतो म्हणून बिलात चारशेच्या आसपास फरक पडतो. एका पंख्याला अडीच-तीन हजार लागतात त्यामुळं आत्ता नका घेऊ, कार्ड फिटल्यावर एक घ्या मग दुसरा. किरायाचं घर सोडलं तरी पंखा आपला आपण नेऊ शकतो.

आणि गावाकडं चौघं गाडीवर जाऊ नका हो. धोका पण आहे. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे मार्च २०२३ पासून, लेकराचं पण अर्धं. आम्ही आता एसटीनंच जातो.

परभणीची_काकू

आता माझं राहिलेलं. २४०० ची तूट एका जागेवरून भरायची नाही, तिथंच माणूस थकतो आणि महिन्याभरात सोडून देतो. कार्डाचे व्याजाचे सहाशे वाचतील, रोखीच्या किराण्यात सहा-सातशे नक्की वाचतात. मोबाईलचा हप्ता किती राहिलाय ते सांगितलं नाहीस, पण तो संपला की ते २१०० नवीन मोबाईलला नाही, दुसऱ्या पानाला द्यायचे. हे मात्र पक्कं ठरव. शिकवणीचं म्हणशील तर तिसरीच्या लेकराचं घरी घेता येतं, पण बायको शिलाईला बसते त्या वेळेत लेकरू तिथं जातं म्हणून तिचे ४ हजार येतात हेही बघ, मी असते तर बंद केली नसती.

धान्य वर्षाचं भरायला शीक. गावाकडं माय आहे, ओळखी आहेत. तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, रब्बीची ज्वारी मार्चच्या आसपास, गहू मार्च-एप्रिल, मिरची पण उन्हाळ्याच्या तोंडाला. तेव्हा भाव उतरलेले असतात. मागच्या साली मी ज्वारी शेतातूनच ३८ नं घेतली, दिवाळीला दुकानात तीच ५० ला होती. पहिल्या वर्षी सगळं भरायला जाऊ नको, फक्त ज्वारी भर, एक क्विंटल. पुढच्या साली गहू धर. भाकरी वाढली की गव्हाच्या पिठाचा आणि तेलाचाही खर्च उतरतो, हे मी अनुभवानं सांगते.

लातूरचा_भाडेकरू

तुम्हा सगळ्यांना काय बोलू. मधी दीड महिना गेला म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला. बायको बचत गटात होतीच, तिनं १८ हजाराची उचल केली शेकडा एकनं, कार्ड भरून बंद केलं, बंद झाल्याचा मेसेज जपून ठेवलाय. किराणावाल्याला जाऊन बोललो, बोलायच्या आधी दुकानासमोरून दोनदा तसाच पुढं गेलो होतो. त्यानं वही काढली, बेरीज केली तर ११ हजाराऐवजी १०४०० निघाली, आणि म्हणला आरामात द्या. पहिले हजार दिले. मोबाईलचे चार हप्ते राहिलेत.

दुसऱ्या पानासाठी बायकोनं साखरेचा जुना डबा घेतलाय, शिलाईचे पैसे आले की त्यातले हजार आधी डब्यात आणि मग बाकी. ओव्हरटाईमचे मिळाले तर मीही टाकायलो. आज डब्यात २३०० आहेत. जूनमध्ये १४ हजार एकदम निघणार नाहीत हे माहीत आहे पण उधारी तरी कमी होईल. दूध एक लिटरच चालू आहे.

ज्वारीचं मायला सांगितलं तर तिनं लगेच घरातली जुनी पत्र्याची कोठी पाठवते म्हणली. काकू, किरायाचं घर आहे, खालच्या मजल्यावर थोडी ओल आहे, कोठीत ज्वारी टिकंल का? पोरकिडे व्हायची भीती वाटती, आणि गोळ्या टाकायला लेकरांमुळं नको वाटतंय.

परभणीची_काकू

टिकती की. आधी कोठी रिकामी दोन दिवस कडक उन्हात ठेव. ज्वारी आणली की गच्चीवर तीन दिवस ऊन दे, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, दबला तर अजून एक दिवस. संध्याकाळी लगेच गरम-गरम भरू नको, रात्रभर निवू दे, नाहीतर आत घाम धरतो. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून घे, हिरवा टाकलास तर त्याचीच ओल लागंल, आणि तळाला, मधी, वर असे तीन थर दे. गोळ्यांची काही गरज नाही. कोठी भिंतीपासून हातभर लांब आणि खाली चार विटा. महिन्या-दोन महिन्यानं झाकण उघडून हात आतपर्यंत घालून बघायचं, गरम लागलं तर काढून पुन्हा एक ऊन द्यायचं. मायला कोठीसोबत पाला पण पाठवायला सांग, लातुरात कुठं शोधत बसशील.