मदत हवी आहे: इंटर आयआयटी क्रीडास्पर्धेचा सराव आणि अभ्यास, दोन्ही कसं सांभाळू?

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. सध्या एका आयआयटीत मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघतच मोठा झालो, त्यामुळे फुटबॉल सोड असं कृपया सांगू नका.

इंटर आयआयटी डिसेंबरात, एंडसेम नोव्हेंबरात. म्हणजे सराव सगळ्यात कडक असतो तेव्हाच परीक्षा डोक्यावर. संध्याकाळी ५:३० ते ८ मैदान, मग मेसमध्ये कसंबसं जेवण. ९ ला थर्मोडायनॅमिक्स उघडलं की दहाव्या मिनिटाला डोळे मिटतात. परवा जाग आली तेव्हा पहाटेचे ३ वाजले होते. शिनगार्ड पायातच, ट्यूटोरियल शीट कोरी. मिडसेमला ३० पैकी ११ पडलेत, घरी अजून सांगितलेलं नाही. हॉस्टेलच्या मित्रांशी तर धड बोलणंही होत नाही.

जे खेळलेत त्या दादा-ताईंनी सांगा: रात्री १० ला झोपून पहाटे अभ्यास करणं हॉस्टेलमध्ये खरंच जमतं का? आणि परीक्षेपुरता सराव आठवड्यातून चार दिवस करू द्या, असं कोचना कसं विचारू? मी लेफ्ट बॅक आहे, त्या जागेसाठी अजून दोघं तयार आहेत, म्हणून जीभच रेटत नाही.