अनुभव धागा: दारावर आलेली ती दोघं (मॉर्मन मिशनरींचा आठवडा)

ट्विन फॉल्स, आयडाहो (धागा काढणारी)

गेल्या सोमवारी आमचं वॉशिंग मशीन बंद पडलं म्हणून गावातल्या लाँड्रोमॅटमध्ये गेले होते. कोपऱ्यात दोन मुलं बसली होती, जेमतेम एकोणीस-वीसची. एरवी पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी पाटी लावून दारोदार फिरताना दिसतात तीच, मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथाची मिशनरी मुलं, पण त्या दिवशी साध्या टी-शर्टात. एक जण फोनवर आईशी बोलता बोलता रडत होता. दुसरा चार पावलांवर त्याच्याकडे पाठ करून मोजे घडी घालत होता. उठून बाहेर मात्र गेला नाही. नंतर कळलं, जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही असा त्यांचा नियमच आहे.

सात वर्षं इथे राहून मी या मुलांना दारातूनच "नो, थँक यू" म्हणत आले. त्यांचा आठवडा कसा जातो हे कधी विचारलंच नाही. कुणाला माहीत असेल, कुणी जवळून पाहिलं असेल तर लिहा. मला ठाऊक असलेलं थोडक्यात: मुलगे दोन वर्षं धर्मप्रचाराला (मिशनवर) जातात, मुली दीड वर्ष. 2012 पासून मुलगे अठराव्या वर्षीच जाऊ शकतात. कुठे जायचं ते स्वतः ठरवायचं नाही, सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयातून कळवतात. पगार नाही, उलट अमेरिकेतल्या मुलांना 2020 पासून महिना 500 डॉलर घरून भरावे लागतात.

धर्म खरा की खोटा, धर्मांतर बरं की वाईट, हा वाद इथे नको. त्यासाठी वेगळा धागा काढू.

पूर्व मोंटाना

मी डॉक्टर आहे. जे-वन व्हिसाच्या वेव्हरवर (मायदेशी परतायची अट माफ, बदल्यात डॉक्टर कमी असलेल्या भागात काम) तीन वर्षं पूर्व मोंटानात होते. गावात एक दवाखाना, एक शाळा, धान्याची दोन उंच कोठारं, आणि बाकी नुसता वारा. मी एकटी राहत होते. पहिल्याच हिवाळ्यात, उणे पंचवीस सेल्सिअसला, दोन मुलं दारात. म्हटलं आत या, गोठाल. तर आत यायला तयार नाहीत. घरात बाई एकटी असेल तर आत पाऊल टाकायचं नाही. नाकाचे शेंडे लाल झालेले, पण दोघं पायरीवरच उभे. "बर्फ काढून देऊ का?" विचारलं आणि माझं उत्तर यायच्या आत फावडं उचललं.

आपल्याकडे काम केलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय कसं पाठवायचं? पण चहा-कॉफी त्यांना चालत नाही. आईने पाठवलेली वाळवलेली गवती चहाची पात होती. चहाची पूड न घालता आलं, पात आणि गूळ उकळलं, तसं त्यांना समजावून सांगितलं. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "पत्ती नसेल तर चालेल." दोघांनी पायरीवर उभं राहून, मग दोन्ही हातांत धरून, वाफ तोंडावर घेत घेत ते प्यायलं. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक मोठ्या बर्फानंतर यायचे.

एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. निघताना एक जण गाडीत बसायचा आणि दुसरा उतरून गाडीच्या मागे उभा राहायचा, हाताने खुणा करत गाडी मागे घ्यायला लावायचा. मैलभर चिटपाखरू नाही, धडकायला झाडसुद्धा नाही. तरीही दर वेळी, त्या थंडीत, न चुकता. हासुद्धा नियम.

माझ्यापुढे धर्माची गोष्ट त्यांनी दोनदा काढली, मी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा काढली नाही. एक कोडं मात्र सुटलं नाही. दर काही आठवड्यांनी मुलं बदलायची, आणि नवीन जोडी पहिल्याच दिवशी माझ्या दारात येऊन विचारायची, "ते गवताचं गरम पेय देणाऱ्या डॉक्टर तुम्हीच ना?"

रुपर्ट, आयडाहो

मी बटाट्याच्या शेतीत काम करणाऱ्या कंपनीत कृषितज्ज्ञ आहे. इथल्या शेतावर या मुलांचा घाम मी पाहिलाय, म्हणून लिहितो. काही जुन्या शेतांत अजून हाताने हलवायची तुषार सिंचनाची नळी असते. ॲल्युमिनियमचा चाळीस फुटी पाइप, मधोमध धरून उचलायचा, आधी तिरपा करून आतलं पाणी सांडायचं, मग चिखलातून चालत पुढच्या ओळीत नेऊन आकडा अडकवायचा. एका रांगेत असे तीसेक. सकाळ-संध्याकाळ. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा खांदा निखळला तेव्हा अख्खा जून महिना या दोघांनी सकाळचे पाइप हलवले. तो म्हातारा त्यांच्या चर्चचा नव्हता, आणि पुढेही झाला नाही. त्यातला एक फिनिक्स शहरात वाढलेला. पहिल्या दिवशी पाइपातून उंदीर बाहेर आला तेव्हा पाइप टाकून पळाला होता, महिनाअखेरीस दोन पाइप खांद्यावर घेऊन चालायचा.

ओमाहा, नेब्रास्का

मी स्वतः त्या दोघांतला एक होतो. 2022 ते 2024, नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला, स्कॉट्सब्लफच्या आसपास. माझे आईबाबा लातूरचे, मी जन्मलो युटात. आई आणि मी चर्चमध्ये आलो, बाबा आले नाहीत. तरी माझे महिन्याचे पैसे दोन वर्षं बाबांनीच भरले, आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. माझं मराठी लिहिणं थोडं कच्चं आहे, सांभाळून घ्या. (2018 पासून आमचं चर्च 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नका अशी विनंती करतं. पूर्ण नाव फार लांब आहे, त्यामुळे धाग्याच्या नावाबद्दल माझी तक्रार नाही.)

आमचा आठवडा सोमवारी सुरू व्हायचा. सोमवार म्हणजे तयारीचा दिवस, संध्याकाळी सहापर्यंत मोकळा. कपडे धुणं, किराणा, एकमेकांचे केस कापणं आणि घरी फोन. 2019 च्या फेब्रुवारीपासून आठवड्याला फोन करता येतो. त्याआधी वर्षातून दोनदाच होता, नाताळला आणि मदर्स डेला. माझ्या आधीच्या मुलांनी हे कसं निभावलं असेल, मला कल्पना करवत नाही. आमचे सकाळचे आठ म्हणजे लातूरचे संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. आई फोनवर आजीलाही घ्यायची.

आजीचा पहिला प्रश्न: "तुला तिथं जेवायला कोण घालतं?" मी सांगितलं, रविवारी चर्चमध्ये एक कागद फिरतो, ज्याला जमेल तो आपला दिवस लिहितो. मंगळवारी बीटवाल्यांकडे, गुरुवारी शाळेच्या बसच्या ड्रायव्हर बाईंकडे, असं. आजी क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "अरे, हे तर वार लावून जेवणं झालं. माझे वडील पुण्याला शिकायला असेच राहिले." त्या दिवसापासून तिची काळजी बरीच कमी झाली. दर सोमवारी विचारायची, "या आठवड्यात किती वार भरले?" आमची शाखा लहान, रविवारी चाळीसेक माणसं, त्यामुळे सातही वार कधी भरले नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास, दोन वेळा जेवण नाही आणि पाणीही नाही, हे ऐकल्यावर म्हणाली, "म्हणजे निर्जळी." तिला माझ्या चर्चमधलं फारसं काही पटलं नाही, पण एवढं तिच्या ओळखीचं होतं.

बाकीचे दिवस साडेसहाला उठणं, व्यायाम, अभ्यास, आणि मग बाहेर, ते रात्री साडेदहाला दिवा बंद. गावं तीस-चाळीस मैलांवर. गाडीला महिन्याचे मैल ठरवून दिलेले असतात. पंचवीस तारखेला मैल संपले की सायकल, आणि त्या भागात वारा नेहमी समोरूनच येतो असं वाटायचं. आठवड्यात एकदा आसपासच्या मिशनरींची बैठक. बुधवारी संध्याकाळी ग्रंथालयात फुकट इंग्रजीचा वर्ग, बहुतेक मेक्सिकोहून आलेली कामगार मंडळी. बाकी दारं, दारं आणि दारं. बहुतेक लोक सभ्यपणे नाही म्हणायचे. एकाने कुत्रं सोडलं. दोन वर्षांत माझ्या हातून चौघांचा बाप्तिस्मा झाला. हा आकडा सांगताना तेव्हा मान खाली जायची, आता जात नाही.

सगळ्यांत अवघड दारं नव्हती, जोडीदार होता. तो निवडता येत नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा फोन येतो आणि कुणाच्या वाट्याला कोण ते कळतं. एकाच खोलीत झोपायचं, एकत्र जेवायचं, चोवीस तास बरोबर. शुक्रवारी आम्ही पुढच्या आठवड्याचं नियोजन करायचो, आणि ते झालं की समोरासमोर बसून एकमेकांचं काय खुपतं ते सांगायचं. पद्धतच आहे तशी. माझा तिसरा जोडीदार वायोमिंगमधल्या गुरांच्या फार्मवरचा, अबोल. दोन शुक्रवार "काही नाही" म्हणाला. तिसऱ्या शुक्रवारी खाली बघत म्हणाला, "तू गाडी चालवताना तुझ्या भाषेत पुटपुटतोस. मला वाटतं, माझ्याबद्दल बोलतोस." मी पाढे म्हणायचो हो! सरळ रस्त्यावर झोप येऊ नये म्हणून बाबांनी शिकवलेले, सतराचा, एकोणीसचा. त्याला सांगितलं, म्हणून दाखवले. सहाव्या आठवड्यात बदली झाली तेव्हा त्याला दोनचा पाढा मराठीत येत होता. अजून फोन करतो तेव्हा "बे एके बे"नेच सुरुवात करतो.

लोगन, युटा

वरचं वाचून माझा विद्यापीठातला रूममेट आठवला. तो फिलिपिन्समध्ये टॅक्लोबानच्या बाजूच्या खेड्यांत होता. त्याचा सोमवार म्हणजे बादलीत कपडे धुणं. बोटांची सालं गेली तेव्हा शेजारच्या बाईने घासायचं कसं ते शिकवलं. वाराय भाषा तो तिच्याकडूनच शिकला. 2013 च्या 8 नोव्हेंबरला हैयान वादळ आलं. तिथले मिशनरी सगळे सुखरूप सुटले आणि त्यांना मनिलाला हलवलं. तिथून त्याची नेमणूक दुसरीकडे झाली. त्या बाईचं काय झालं हे त्याला कधी कळलं नाही. मी त्याच्याबरोबर दोन वर्षं राहिलो, दर 8 नोव्हेंबरला तो कुणाशी बोलायचा नाही.

पुणे

थोडं विषयाला धरून, थोडं सोडून. ही मंडळी आपल्याकडे पार 1852 मध्ये येऊन गेली आहेत. ह्यू फिंडले नावाचा मिशनरी त्या वर्षी मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यालाही आला. त्याने पुण्यात एक लहानशी शाखाही उभी केली होती, पण ती टिकली नाही. आज भारतात त्यांचा जोर दक्षिणेत जास्त आहे, देशातला त्यांचा पहिला 'स्टेक' (अनेक स्थानिक मंडळ्यांचा मिळून एक विभाग) 2012 मध्ये हैदराबादला झाला. फिंडलेला पुण्यात जेवायला कोणी वार दिला असेल का, हा विचार वरच्या मुलाचं वाचून मनात आला.

प्रोव्होजवळ, युटा

मी यातली दुसरी बाजू लिहिते, कारण ती लिहिली नाही तर हे चित्र अपुरं राहील. आम्ही त्या चर्चचे नाही. माझ्या मुलाचा जिवलग मित्र मिशनवर गेला आणि पाच महिन्यांत परत आला. झोप उडाली होती, हात थरथरायचे, लहान गावात थंडीत दिवसच्या दिवस एकही माणूस बोलायला मिळायचा नाही. जाताना त्याच्या घरी शंभर माणसं जमली होती. परत आला तेव्हा विमानतळावर आईवडील आणि माझा मुलगा, एवढेच. कुणी वाईट बोललं नाही, पण "लवकर का आला?" हा प्रश्न लोकांच्या डोळ्यांत असायचा. पोरगं आमच्या तळघरात येऊन तासन् तास बसायचं. मी वरण-भात वाढायची, काही विचारायची नाही. अठराव्या वर्षी सगळ्या मुलांना हे झेपतं असं नाही, आणि न झेपणं हा त्यांचा दोष नाही. आता घरी राहून सेवा करायचा मार्ग चर्चने दिलाय, त्याने तो घेतला. फूड बँकेत काम केलं. आता नर्सिंगला आहे.

ओमाहा, नेब्रास्का

प्रोव्होच्या काकू, तुम्ही विचारलं नाहीत हे फार बरं केलंत. माझ्याबरोबर असलेला एक मुलगा असाच परत गेला. त्याची बॅग मी भरून दिली होती. त्याला फोन करायला मला आठ महिने लागले, आणि ते मला अजून टोचतं.

डॉक्टर ताई, तुमचं कोडं सोपं आहे. प्रत्येक भागाची एक नोंदवही असते, आता ती फोनमध्ये असते. बदली होणारा पुढच्यासाठी लिहून जातो. मी लिहिलेल्यातलं थोडं आठवतं: "पिवळं घर, कुत्रं साखळीला नसतं." "आजोबांना कमी ऐकू येतं, खिडकीवर वाजवा." "नवरा मार्चमध्ये गेला, बोलायचा विषय काढू नका, लाकडं फोडून द्या." तुमच्या घराची नोंद कुणीतरी नीट लिहिलेली असणार.

पूर्व मोंटाना

आता तिथे माझ्या जागी केरळची एक डॉक्टर आली आहे, त्याच घरात राहते. ती नोंद अजून तशीच असेल तर मुलं तिच्याही दारात उभी राहतील. आजच तिला मेसेज करते आणि राहिलेली पात पोस्टाने पाठवते.