‘डबल फिटा राउंड’ म्हणजे दुसरी फेरी?

प्रश्न : आंतरराष्ट्रीय तिरंदाजी महासंघाचं, म्हणजे ‘फिटा’चं, अध्यक्षपद सांभाळलेल्या इंगर फ्रिथ यांच्यावरच्या एका लेखाच्या अनुवादात ‘म्युनिक १९७२ मध्ये दुसऱ्या फिटा फेरीअखेर पदकं ठरली’ असं वाक्य आहे. बरोबर वाटतं का? आणि फ्रिथ यांना अध्यक्ष म्हणावं की अध्यक्षा?

उत्तर : वाक्य साफ चुकलंय. मुळात ‘डबल फिटा राउंड’ असणार, आणि डबल म्हणजे तोच राउंड दोनदा. एका राउंडमध्ये चार अंतरं, प्रत्येकावर ३६ बाण, म्हणजे १४४ बाण. पुरुषांना ९०, ७०, ५०, ३० मीटर. महिलांना ७०, ६०, ५०, ३०. बाणाला जास्तीत जास्त १० गुण, म्हणून राउंडचे १४४० आणि डबलचे २८८०. म्युनिक ऑलिंपिकला पुरुषांत सुवर्ण जिंकणाऱ्या जॉन विल्यम्सचे २५२८ झाले, महिलांत डोरीन विल्बरचे २४२४.

‘फेरी’ वाचलं की आपल्या डोक्यात बाद फेरी येते. म्युनिकला बाद कुणीच होत नव्हतं, सगळ्यांनी २८८ बाण मारायचे. ऑलिंपिकमध्ये समोरासमोर लढती आल्या १९९२ ला, बार्सिलोनात. तेव्हा ‘राउंड’च ठेवा.

पुरवणी : ‘एंड’लाही फेरी करून टाकतात. रेषेवर उभं राहून ठरलेले बाण मारायचे, मग फलकापाशी जाऊन गुण लिहायचे नि बाण उपसायचे, तो एक एंड. लांबच्या अंतरावर साधारण सहा बाणांचा, जवळच्यावर तीनचा. जवळचा फलक ८० सेंटिमीटरचा, सहा बाण दाटले की नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) फुटतात. ‘सेट’ (थोड्या बाणांचा वेगळा मोजला जाणारा डाव) मात्र रीकर्व्हचा, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याचा. कंपाउंडमध्ये (कप्प्या लावलेल्या धनुष्यात) १५ बाणांची सरळ बेरीज, म्हणूनच २०२३ ला बर्लिनमध्ये साताऱ्याच्या अदिती स्वामीची अंतिम लढत १४९-१४७ अशी लिहिली गेली. तिथे ‘सेट जिंकला’ लिहिणारे बातमीदार धन्य!

उत्तर : पदाला ‘अध्यक्ष’ पुरे, ‘झाल्या’मध्ये बाकीचं येतंच. फ्रिथ यांची कारकीर्द १९६१ ते १९७७. ‘तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये आणली’ नको, ‘परत आली’ लिहा. १९०० ते १९२० दरम्यान ती चारदा होती. संघटनेला ‘वर्ल्ड आर्चरी’ म्हणू नका, ते नाव २०११ चं.

पुरवणी : ‘आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघाच्या जगातल्या पहिल्या महिला अध्यक्ष’ हेही सरसकट नको. अ‍ॅलिस मिलिया १९२१ पासूनच महिलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघाच्या प्रमुख होत्या. ‘फिटाच्या पहिल्या महिला अध्यक्ष’ लिहा, कुणी बोट ठेवणार नाही.