सीएसआरचा टीव्ही कपाटावर, पुढे काय?

नमस्कार मंडळी, नंदुरबारकडच्या एका झेडपी शाळेवर शिक्षक आहे. 2022 च्या मार्चअखेर एका कंपनीने सीएसआरमधून (कायद्याने समाजकामावर करायच्या खर्चातून) 55 इंची टीव्ही आणि इन्व्हर्टर दिला, नारळ फुटला, फोटो झाले, बॅनर अजून भिंतीला आहे. दोन पावसाळ्यांत बॅटरी बसली. मेल केला तर ज्या मॅडम आल्या होत्या त्या नोकरी सोडून गेलेल्या, नवीन साहेब म्हणतात तो प्रोजेक्ट क्लोज झालाय. टीव्ही कपाटावर, वर चादर. हे असंच चालणार का काही बदलतंय?

उत्तर 1
सर मी सीए आहे, मार्चची गंमत सांगतो. कंपनी कायद्याचं कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू झालं, निव्वळ नफा 5 कोटी असला (किंवा टर्नओव्हर 1000 कोटी, नाहीतर नेट वर्थ 500 कोटी) तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2% खर्च करायचा. पूर्वी खर्च नाही केला तर रिपोर्टात कारण लिहिलं की सुटले. 2021 पासून उरलेला पैसा सरकारी फंडात भरावा लागतो, नाहीतर दंड. मग फेब्रुवारीत जाग येते, आणि टीव्हीचं बिल एका दिवसात मिळतं हो, शिक्षक घडवल्याचं कुठून आणणार?

उत्तर 2
आमचे आजोबा किर्लोस्करवाडीत फिटर होते. 1910 ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखान्यासोबत गावच वसवलं, टाटांनी 1912 ला आठ तासांची पाळी आणली, तेव्हा कुठला 2% नि कुठलं काय. पण खरं सांगायचं तर तेही आपल्या कारखान्याच्या माणसांपुरतंच. कायदाही आज कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या म्हणतो, आता नंदुरबारात कारखाने किती? आकांक्षित (म्हणजे मागास) जिल्हा म्हणून नाव सरकारी यादीत आहे तेवढंच.

उत्तर 3
मी संस्थेत आहे, आठ वर्षं हेच करतेय. सर, पुढच्या वेळी वस्तू मागूच नका, ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ मागा, सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं चालतो, त्यात बॅटरी, दुरुस्ती, महिन्याला येणारा माणूस सगळं धरा. पगार 5% च्या वर चालत नाही असं सांगतील, ऐकू नका, ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या ऑफिसखर्चाला आहे, प्रोजेक्टवरच्या माणसाचा पगार हा प्रोजेक्टचाच खर्च. संस्थेमार्फत जाणार असाल तर तिचा सीएसआर-1 नंबर (सीएसआरचं काम घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी) आधी विचारा. इम्पॅक्ट तपासायची सक्ती 1 कोटीच्या वरच्या प्रोजेक्टला, तीही मोठ्या कंपन्यांनाच, त्यामुळे तुमचा टीव्ही बघायला कुणी येणार नाही.
बदलतंय म्हणाल तर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून टॉप 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर हा जबाबदारीचा वार्षिक रिपोर्ट लावलाय, म्हणजे 2% कुठे दिले एवढंच नाही तर पाणी किती वापरलं, कामगारांना कसं वागवलं हेही लिहायचं. मला खरी आशा तिथे वाटते, जरी निम्मे रिपोर्ट कॉपीपेस्ट असले तरी.

मूळ प्रश्नकर्ता
ताई, ऑनगोइंगचं माहीतच नव्हतं, नमुना अर्ज असेल तर टाका ना इथे. बॅटरीचे दुकानदाराने 14 हजार सांगितलेत, जुनी दिली तर थोडे कमी करतो म्हणाला. सध्या आम्ही दोघं मास्तर निम्मे निम्मे काढतोय.