नेहरू स्टेडियमची मॅच गहुंज्याला नेली, चुकलंच ना?

स्वारगेटकर: काल सारसबागेत गेलेलो, समोर नेहरू स्टेडियम दिसलं आणि परत तेच डोक्यात आलं, पुण्यातली मॅच उचलून पार एक्सप्रेसवेजवळ गहुंज्याच्या नव्या स्टेडियमला नेऊन टाकली. 29 फेब्रुवारी 1996 ला मी कॉलेज बुडवून इथे सिमेंटच्या पायरीवर सकाळ पेपर अंथरून बसलेलो, वेस्ट इंडिज विरुद्ध केनिया, वर्ल्डकप. केनिया 166, त्यात सगळ्यात जास्त रन एक्स्ट्राच्या, 37! मागचे काका म्हणाले चला, जेवणानंतर तासाभरात संपतंय. आणि लाराची कड लागली, कीपर तारिक इक्बालनं कॅच कसाबसा अडकवला, अख्खं स्टेडियम केनियाचं झालं. वेस्ट इंडिज 93 ऑल आउट. आम्ही तिथून बोंबलत चालत घरी. चालत!

बाकावरचा_बारावा: आठवण भारी, पण मुद्दा काय? ग्राउंड महापालिकेचं, मॅच महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनची, आणि दर वेळी पासांवरून वाजायचं. 2005 ला श्रीलंकेची मॅच झाली त्यानंतर भारत परत तिथे खेळलाच नाही. भाडेकरूनं वैतागून स्वतःचं घर बांधलं तर त्याला नावं का ठेवायची? मुंबईत वेगळं काय झालं, ब्रेबॉर्न स्टेडियमवर मालक क्लब आणि असोसिएशनचं सीटांवरून भांडण, म्हणून नवं वानखेडे बांधलं आणि 1975 मध्ये तिथे टेस्ट.

स्वारगेटकर: अहो वानखेडे ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर आहे. गहुंज्याला स्वारगेटहून चालत निघालात तर दुसऱ्या इनिंगला पोचाल.

निगडी_एंड: हे बरंय हां. पुणं म्हणजे फक्त पेठा का?? तेव्हा आम्ही पहाटे उठून डबा घेऊन पिंपरी-चिंचवडच्या पीसीएमटीच्या दोन बस बदलून यायचो, तेव्हा कोणाला लांब वाटलं नाही. आता आम्हाला जवळ झालंय तर गावाचा आत्मा हरवला म्हणे 😄 आणि पार्किंगचं बोला की, मॅचच्या दिवशी टिळक रोडपर्यंत गाड्या.

जुनी_पॅव्हेलियन: दोघांचंही अर्धं बरोबर. 1984 ला वेंगसरकरची सेंच्युरी बघितलीये मी नेहरूला (इंग्लंडच्या गॅटिंगनं 115 नाबाद मारून पाणी फिरवलं ते सोडा). पण ते ग्राउंड वाढणार कुठे होतं, सगळीकडून रस्ते. माझी तक्रार एवढीच की नवं बांधताना रेल्वे नाहीतर मेट्रो जिथे येईल अशी जागा का नाही बघितली, आणि इतकं करून सगळ्या स्टँडवर छप्पर पण नाही.

बाकावरचा_बारावा: छप्पर मान्य. पण नेहरूला एक तरी टेस्ट मिळाली का? गहुंज्याला मिळाली, 2017 ला, ऑस्ट्रेलिया.

स्वारगेटकर: गहुंज्याला मिळाली की. त्यांच्या स्पिनर ओ'कीफनं 12 विकेट घेतल्या, आपण 105 आणि 107, तिसऱ्या दिवशी खेळ खलास. नेहरूला असती तर लवकर सुटल्यावर निदान सारसबागेत भेळ तरी खाल्ली असती.