कैलासवासी, स्वर्गीय की 'शांत झाले'?

प्रश्न (इंदूर)
बाबांच्या उठावण्याची, म्हणजे शोकसभेची, जाहिरात द्यायची होती. छापखान्यातल्या मुलाने हिंदीच्या सवयीने 'स्वर्गीय' टाकलं. आईने चष्मा लावून प्रूफ वाचलं आणि नेमकं त्याच शब्दावर बोट ठेवलं, "हे नको. कैलासवासी लिही." बाबा दर सोमवारी पिंडीवर पाणी घालायला जायचे. पण कै. आणि स्व. यांत खरंच काही फरक आहे का?

उत्तर
आहे, आणि तुमच्या आईंना तो कळलाय. कैलास शंकराचा, वैकुंठ विष्णूचं. म्हणून वारकऱ्यांकडे वैकुंठवासी लिहितात. 'कै.' पुढे सरसकट झालं, त्यामागचा शंकर विसरला गेला. स्वर्ग मात्र कायमचा मुक्काम नाहीच. गीतेच्या नवव्या अध्यायातच आहे (९.२१), पुण्य सरलं की पुन्हा मर्त्यलोकात यायचं. 'वासी' म्हणजे राहणारा. मागे राहिलेल्याला तेवढा पत्ता पुरतो.

'देवाज्ञा झाली' या शब्दाबद्दल मात्र मला मनापासून बोलायचंय. आमच्या शेजारी सहा वर्षांचा मुलगा तापाने गेला. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, देवाला आवडला. त्याची आई तिसऱ्या दिवशी म्हणाली, "देवाला काय कमी होतं?" त्यानंतर कित्येक महिने तिने देवापुढे दिवा लावला नाही. माणूस कुठे गेला हे सांगणारा शब्द धीर देतो. का गेला हे सांगायला लागलो की तोच शब्द टोचतो. लहान मूल गेलेल्या घरी मी हा शब्द कधीही उच्चारत नाही, तुम्हीही उच्चारू नका.

आणखी एक उत्तर
आपल्याकडे माळव्यात 'शांत झाले' हेही कानावर पडतं. त्यात ना लोक, ना देव, नुसतं दुखणं थांबल्याची जाणीव. दीर्घ आजारानंतर मला तोच शब्द खरा वाटतो. आणि बौद्ध घरांत 'कालकथित' लिहितात, हे विसरू नये. बाबासाहेब जन्मले आपल्या शेजारच्या महूला. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले, त्याला आपण महापरिनिर्वाण म्हणतो. निर्वाण म्हणजे विझणं. राहायला कुठलाच लोक नसलेला हा शब्द, तरी दरवर्षी त्या दिवशी लाखो माणसं चैत्यभूमीवर जातात. तेव्हा परलोक मानला तरच सांत्वन होतं, असं मी म्हणणार नाही.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. जाहिरातीत कै. छापलं. तेराव्याला दानाच्या वस्तू मांडल्या होत्या, छत्री, चपला, पांघरूण. आईने आतून बाबांचा तपकिरी मफलर आणला, घडी घालून पांघरुणावर ठेवला. म्हणाली, "कैलासावर थंडी असते रे." भाऊ काही बोलणार होता, मी त्याचा हात धरला. बाबा गेल्यापासून त्या रात्री ती पहिल्यांदा सलग झोपली.