सोल्डरमधील शिशावरची मर्यादा लहान कारखान्यांना जाचक आहे का?

धागाकर्ता:
भोसरीत आमचे सर्किट बोर्ड जुळवण्याचे छोटे युनिट आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिसे, पारा, हेक्साव्हॅलेंट क्रोमियम आणि ब्रोमीनयुक्त ज्वालारोधकांचे दोन गट यांना ०.१ टक्का, तर कॅडमियमला ०.०१ टक्का ही मर्यादा युरोपात १ जुलै २००६ पासून आणि आपल्याकडे १ मे २०१४ पासून लागू झाली. हेतूबद्दल वाद नाही. परंतु बोर्डावर भाग जोडायला वितळवतात ते ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाचे जुने सोल्डर १८३ अंशांना वितळते, शिसेविरहित सोल्डरला साधारण २१७ अंश लागतात. त्यामुळे सोल्डरिंग आयर्नची टोके, म्हणजे बिट, लवकर झिजतात आणि चांगला बसलेला सांधाही मळकट दिसत असल्याने तपासणीच्या टेबलावरच्या ताई तो बाजूला काढतात. अख्ख्या उपकरणाच्या वजनात या शिशाचा हिस्सा तो कितीसा?

प्रतिसाद १:
गफलत इथेच आहे. मर्यादा उपकरणाच्या वजनावर नव्हे, तर प्रत्येक एकजिनसी पदार्थावर मोजतात. सांध्याचे सोल्डर वेगळे, वायरीचे आवरण वेगळे, स्क्रूवरचा मुलामा वेगळा. म्हणजे आपले जुने सोल्डर मर्यादेच्या ३७० पट भरते. तो बोर्ड भंगारात गेल्यावर दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्तीत हातांनीच फोडला जातो, आणि तिथल्या धुळीतले शिसे पोरांच्या पोटात जाते. तिथे बिट झिजल्याची तक्रार कोणाकडे करायची?

प्रतिसाद २:
सीलमपूरचा प्रश्न भंगार हाताळण्याचा आहे, तो सोल्डर बदलून सुटत नाही. शुद्ध कथलाच्या मुलाम्यावर कालांतराने केसासारखे बारीक तंतू उगवतात आणि सुट्या भागांच्या शेजारशेजारच्या धातूच्या पायांमध्ये शॉर्ट होतो. थोडे शिसे मिसळले की हे बरेच आटोक्यात राहते. ही मर्यादा घालणाऱ्या युरोपच्या निर्देशातून लष्करी आणि अवकाशातील उपकरणे वगळलेली आहेत, हे पुरेसे बोलके नाही का?

प्रतिसाद १:
उपग्रह भंगारवाल्याकडे येत नाही. शिवाय आपल्याकडे ही मर्यादा ज्यांत आहे त्या ई-कचरा नियमांतून सूक्ष्म उद्योग वगळले आहेत, तेव्हा धागाकर्त्यांना नेमका जाच कशाचा आहे, ते कळले नाही.

धागाकर्ता:
सवलत कागदावर आहे. आमचा माल घेणारा मोठा उत्पादक नियमांत येतो, त्यामुळे तो प्रत्येक खेपेला आमच्याकडून अनुरूपतेचे घोषणापत्र, म्हणजे माल मर्यादेत बसतो असे लेखी, मागतोच. एकजिनसी पदार्थाचा मुद्दा मात्र मान्य; माझा हिशेब चुकला होता. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी शिशाचे सोल्डर आम्ही अजून ठेवतो, पण त्याच्या आयर्नला लाल टेप गुंडाळली आहे आणि ते टेबलही वेगळे आहे, कारण एकच बिट दोन्हीकडे फिरली तर ते घोषणापत्र खोटे ठरेल.